गिअरबॉक्सचं मागचं ऑइल सील पुन्हा पुन्हा का गळतं, आणि घरी ते कसं बदलायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मागच्या चाकांवर चालणारी जुनी व्हॅन, हातगिअरचा गिअरबॉक्स. रात्रभर उभी राहिली की गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाखाली ऑइलचा डाग पडतो. सील एकदा बदलून झालंय, दोन-तीन महिने कोरडं राहिलं, आता पुन्हा गळायला लागलंय. या खेपेला काम घरीच करायचंय, तर कोणतं सील घ्यावं आणि सीलंट कोणतं लावावं?

सील आणि सीलंटचं सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट. ऑइल सील म्हणजे रबराची पातळ लिप, म्हणजे ओठासारखी कड. फिरत्या शाफ्टवर ती हलकेच टेकते आणि मागच्या बारीक स्प्रिंगमुळे टेकून राहते. शाफ्ट न डगमगता फिरत असेल, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल, गिअरबॉक्समध्ये दाब साठत नसेल आणि लिप कोरडी पडत नसेल, तर सील वर्षानुवर्षं टिकतं. यातलं एक जरी बिघडलं तरी कितीही चांगल्या कंपनीचं सील ठोका, ते गळणारच. तुमचं नवं सील दोन-तीन महिन्यांत गेलं, तेव्हा आधीचं का गेलं हे कळल्याशिवाय पुढचं बसवू नका. नाहीतर हेच काम पुन्हा करावं लागेल.

काही गोष्टी गाडीवर अवलंबून आहेत. काही गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचा) योक, म्हणजे पुढच्या टोकाची नळी, थेट आत सरकतो आणि सील त्या योकच्या नळीवर बसतं. काहींमध्ये गिअरबॉक्सच्या शाफ्टवर एक फ्लँज, म्हणजे भोकांची जाड चकती, मोठ्या नटने आवळलेला असतो, प्रोपेलर शाफ्ट त्याला चार बोल्टने जोडलेला असतो, आणि सील फ्लँजच्या मानेवर बसतं. गाडीखाली टॉर्च मारून बघा. गिअरबॉक्सच्या तोंडाशी चार बोल्ट दिसले तर फ्लँज आहे. नळी सरळ आत जाताना दिसली तर सरकता योक. पुढे मी मुख्यतः सरकत्या योकचं सांगतोय, फ्लँजला जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं लिहितो.

आता गळती नक्की कुठून आहे ते शोधा. गाडी चालताना वारा ऑइल मागे ढकलतो, त्यामुळे थेंब जिथून पडतो तिथूनच गळतंय असं समजू नका. गिअरबॉक्सचं मागचं टोक, बाजू आणि वरचा पत्रा डीग्रीझर किंवा ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुवा, कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. मग त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि १५-२० किलोमीटर गाडी फिरवून आणा. परत आल्यावर पावडरवर ओल कुठून सुरू झाली ते ठळक दिसतं. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची, तीच उगमाची जागा.

मागच्या टोकाशी ऑइल दिसण्याची सीलखेरीज आणखी तीन ठिकाणं आहेत. पहिलं स्पीडोमीटरच्या केबलचं. ही केबल बहुधा मागच्या हाऊसिंगवरच (गिअरबॉक्सच्या मागच्या कवचावरच), सीलच्या अगदी जवळ बसवलेली असते. तिच्या ड्राइव्हवरची छोटी ओ-रिंग (रबरी कडी) कडक झाली की ऑइल हाऊसिंगवरून ओघळून सीलच्या कडेपर्यंत येतं आणि सीलच गळतंय असं वाटतं. हा क्लॅम्पचा एक बोल्ट काढून बदलण्यासारखा भाग आहे. ओ-रिंग गोल न राहता चपटी झालेली असेल तर तिचं आयुष्य संपलंय. दुसरं ठिकाण गिअर लिव्हरच्या रॉडचं सील. तिसरं फार कमी लोक बघतात: सरकत्या योकच्या आत, क्रॉसच्या (योक आणि शाफ्ट जोडणाऱ्या अधिकच्या आकाराच्या सांध्याच्या) बाजूला, पत्र्याची एक गोल चकती ठोकून बसवलेली असते. ती सैल झाली की गिअरबॉक्सचं ऑइल स्प्लाइनमधून (शाफ्टवरच्या लांबट दातांमधून) झिरपत क्रॉसपाशी बाहेर येतं. सील ठणठणीत असतं, पण योक फिरताना ऑइल चहूकडे उडतं. तुमच्याकडे क्रॉसच्या मध्यभागी, योकच्या आतल्या खोलगट भागात ओल असेल तर आधी या चकतीकडे संशयाने बघा. काही योकमध्ये या चकतीला मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेलं असतं, ते बुजवू नका.

सील गेलं असेल तर खूण वेगळी दिसते. फिरणारा योक ऑइल भिरकावतो, त्यामुळे वरच्या पत्र्यावर योकच्या बरोबर वर आडवा पट्टा उमटतो. असा पट्टा असेल तर सील किंवा आत्ताच सांगितलेली योकमधली चकती, यांतलं एक नक्की. पट्टा नसेल आणि नुसती खालची बाजू ओली असेल तर स्पीडोमीटरची ओ-रिंग जास्त संभवते.

ऑइल कोणतं आहे तेही बघा. गिअर ऑइल घट्ट, मधासारख्या रंगाचं असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. एकदा घेतला की विसरत नाही. इंजिन ऑइल त्याहून पातळ, आणि डिझेल इंजिनमध्ये लवकर काळं पडतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बहुधा लाल असतं. पातळ, बोटाला निसरडं लागणारं आणि रंग उडवणारं काही असेल तर ते क्लचचं हायड्रॉलिक ऑइल असू शकतं. गळती गिअरबॉक्सच्या पुढे, क्लचच्या घंटेखालच्या (क्लचवरच्या घंटेच्या आकाराच्या आवरणाखालच्या) छिद्रातून असेल तर मागच्या सीलशी तिचा संबंध नाही. ते पुढचं सील किंवा इंजिनचं मागचं सील. ते काम अगदी निराळं, त्याबद्दल शेवटी.

गळती मागच्या सीलचीच ठरली की गाडीखाली शिरण्याआधी ब्रीदर तपासा. गिअरबॉक्स चालताना तापतो आणि आतली हवा फुगते. ती बाहेर पडायला वरच्या बाजूला ब्रीदर नावाची बारीक टोपी किंवा नळी असते. जुन्या गाडीत ती धूळ आणि ऑइलच्या खळीने गच्च बुजलेली असणं अगदी नेहमीचं. मग तापलेल्या हवेला सीलच्या लिपमधूनच वाट काढावी लागते, आणि ती जाताना ऑइल घेऊन जाते. थंड असताना गळत नाही पण लांबच्या फेरीनंतर गळतं, अशी तक्रार असेल तर ब्रीदर बघितल्याशिवाय दुसरं काही करू नका. टोपी काढून रॉकेलमध्ये बुडवा, बारीक तारेने मोकळी करा आणि फुंकून बघा. हवा सहज गेली पाहिजे.

त्यानंतर ऑइलची पातळी. जास्त भरलेलं ऑइलही सीलवर दाबून बसतं. सपाट जागी, गाडी थंड असताना, बाजूचा लेव्हल प्लग उघडा. ऑइल छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असलं पाहिजे. प्लग काढल्याबरोबर धार लागली तर कोणीतरी जादा भरलंय.

आता योकचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, बघा, कारण दोन-तीन महिन्यांत सील जाण्याचं सर्वांत मोठं कारण इथेच सापडतं. सरकता योक मागच्या हाऊसिंगमधल्या बुशमध्ये, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या धातूच्या कड्यात, फिरतो. बुश झिजला की योक प्रत्येक फेऱ्याला थोडा वर-खाली जातो आणि लिपला त्याच्यामागे धावता येत नाही. गाडी स्टँडवर घेऊन (ती कशी उचलायची ते पुढे सांगितलंय, ते आधी वाचा) योक दोन्ही हातांनी धरा आणि जोरात वर-खाली हलवा. अगदी किंचित हालचाल नैसर्गिक आहे. पण 'टक्' असा आवाज आला, किंवा हलवताना सीलच्या लिपपाशी फट उघडताना दिसली, तर बुश गेलाय. नुसतं सील बदललं तर ते फार दिवस टिकणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून बघा. शाफ्टवर बॅलन्ससाठी लावलेली पत्र्याची पट्टी निघून गेल्याची खूण आहे का, गिअरबॉक्सच्या रबरी माउंटिंगला चिरा आहेत का, हेही बघा. शाफ्ट थरथरत असेल तर ती थरथर आधी बुशला आणि मग सीलला खाते.

थोडक्यात क्रम असा: धुवून उगम शोधा, ब्रीदर मोकळा करा, पातळी तपासा, योकचा खेळ बघा. हे चारही झाल्यावरच सीलकडे वळा. कधी कधी ब्रीदर मोकळा करून आणि पातळी नीट करूनच गळती थांबते आणि सील काढावंच लागत नाही.

सील विकत घेताना गाडीच्या नावावर विसंबू नका. जुन्या व्हॅनमध्ये वेगवेगळ्या वर्षांचे गिअरबॉक्स बदलून बसवलेले असतात. जुन्या सीलच्या कडेवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी, मिलिमीटरमध्ये. आकडे पुसले गेले असतील तर व्हर्नियरने योकची नळी आणि हाऊसिंगचं भोक मोजा. सीलचा रबरी व्यास मोजू नका, लिप सैल असताना तो शाफ्टपेक्षा लहानच भरतो. टीसी अशी खूण असेल तर बाहेरून रबर, आत स्प्रिंग आणि धूळ अडवणारी दुसरी छोटी लिप, असा त्याचा अर्थ. गाडीखाली उघड्यावर असलेल्या सीलला ही दुसरी लिप हवीच. रबराचे प्रकार दोन सांगतो. नायट्राइल, म्हणजे एनबीआर, साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत चांगलं चालतं आणि मागच्या सीलला एरवी पुरतं. एफकेएम, ज्याला व्हिटॉन म्हणतात, ते २०० अंशांच्या आसपास टिकतं. सायलेन्सरची नळी सीलच्या अगदी जवळून जात असेल किंवा गाडी सतत ओझं घेऊन चढावर जात असेल तर एफकेएम घेणं शहाणपणाचं. जुनं सील काढल्यावर लिप नखाने दाबून बघा. कडक होऊन कडकड करत असेल तर उष्णतेने गेलं, अजून मऊ असेल तर कारण दुसरं. लिपवर तिरप्या रेघा आणि बाण असेल तर ते एकाच दिशेने फिरणाऱ्या शाफ्टसाठी आहे. पुढे जाताना शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला बाण जुळला पाहिजे. उलट्या दिशेचं सील ऑइल आत ओढायच्या ऐवजी बाहेर ढकलतं.

आता गाडी उचलणं. या भागात घाई नको, कारण गाडीखाली तुमचं अंग असणार आहे. जमीन सपाट आणि पक्की हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. मागची बाजू जॅकने उचला आणि चॅसिसच्या मजबूत भागाखाली दोन स्टँड लावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. गाडी गिअरमध्ये घालून ठेवली की ती जागची हलत नाही, हे गणित इथे चालत नाही: प्रोपेलर शाफ्ट काढला की गिअर आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. मागची चाकं अधांतरी असल्यामुळे हँडब्रेकही उपयोगाचा राहत नाही, आणि काही व्हॅनमध्ये तर हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरच बसवलेला असतो. गाडीला धरून ठेवणारे फक्त पुढचे ठोकळे आणि स्टँड. स्टँड लावल्यावर गाडीला बाजूने जोराने ढकलून बघा. हलली तर खाली जायचं नाही, स्टँड पुन्हा लावायचे.

फक्त मागची बाजू उचलण्याचा एक फायदा आहे. गिअरबॉक्सचं पुढचं टोक खाली झुकतं, ऑइल पुढे सरकतं आणि योक काढताना फारसं सांडत नाही. तरी खाली ट्रे ठेवाच. पण ऑइल जुनं असेल किंवा त्याचा इतिहास माहीत नसेल तर गाडी उचलण्याआधीच, सपाट जमिनीवर, ऑइल कोमट असताना सगळं काढून टाका. ड्रेन प्लग उघडण्याआधी भरायचा प्लग सैल होतो याची खात्री करून घ्या. तो गंजून घट्ट बसला असेल आणि तुम्ही ऑइल आधीच काढलंत, तर गाडी जागच्या जागी अडकते. प्लगच्या खाचेतली माती टोकदार वस्तूने काढून पाना पूर्ण बसवा, नाहीतर खाच गोल होते. काढलेल्या ऑइलमध्ये ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा असणं नेहमीचं. त्यात सळ्यांसारखे तुकडे किंवा पितळेचे कण दिसले तर सीलपेक्षा मोठं दुखणं आहे.

प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी डिफरन्शिअलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याच्या) फ्लँजवर आणि शाफ्टच्या फ्लँजवर आरपार एक रेघ पेंटने किंवा छिन्नीने मारून ठेवा. शाफ्ट बॅलन्स करताना त्या जोडीनेच केलेला असू शकतो, त्यामुळे जोडताना तीच जागा परत मिळाली पाहिजे. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल आणि मध्ये बेअरिंग लटकत असेल, तर दोन्ही तुकड्यांच्या जोडावर आणि मधल्या ब्रॅकेटच्या जागेवरही खुणा करा. मागचे चार बोल्ट सोडवताना फ्लँज फिरू नये म्हणून क्रॉसच्या खोबणीत लाकडाचा तुकडा अडकवा, आणि रिंग पाना वापरा. उघड्या तोंडाचा पाना या बोल्टांची डोकी खाऊन टाकतो. शाफ्ट खाली आल्यावर त्याचं वजन क्रॉसवर लोंबू देऊ नका, तारेने वर बांधा. क्रॉसच्या टोप्या नुसत्या पट्ट्यांनी धरलेल्या असतील तर लगेच त्यांच्याभोवती चिकटपट्टी गुंडाळा. टोपी निसटली की आतल्या बेअरिंगच्या सुया जमिनीवर पसरतात आणि मग नवा क्रॉस आणावा लागतो. शेवटी योक सरळ मागे ओढून बाहेर काढा.

योक हातात आला की तो रॉकेलने धुवा, कोरडा करा आणि उजेडात फिरवत बघा. सील जिथे टेकतं तिथे चकचकीत पट्टा असतो, तो चालतो. त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चर पडलाय. गंजाचे खड्डेही असेच बघा. सरकत्या योकचा बाहेर राहणारा भाग गंजतो आणि गाडी खड्ड्यात आदळली की तोच भाग सीलच्या आत शिरतो. मग गंजाची खरखर लिपला कापत राहते, आणि कोणत्याच कंपनीचं सील तिच्यापुढे टिकत नाही. किरकोळ खरखर ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढता येते. पेपर नळीभोवती पट्ट्यासारखा गुंडाळून गोल-गोलच घासायचा. लांबीच्या दिशेने किंवा तिरपा घासला तर बारीक रेघांचे आटे तयार होतात आणि शाफ्ट फिरताना तेच ऑइल बाहेर ओढतात.

चर खोल असेल तर उपाय योक कोणता आहे यावर ठरतो. फ्लँज असेल तर त्याच्या मानेवर रिपेअर स्लीव्ह चढवता येते. ती सुमारे ०.२८ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस नळी असते, आणि इतकी पातळ असल्यामुळे सील मूळ मापाचंच चालतं. सरकत्या योकवर मात्र ती चढवू नका: स्लीव्हमुळे व्यास अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो आणि योक आत सरकला की स्लीव्ह बुशवर आदळते. तिथे चांगल्या पृष्ठभागाचा दुसरा योक घ्यायचा, मग तो वापरलेला असला तरी हरकत नाही, नख फिरवून बघितलेला असला म्हणजे झालं. फ्लँजच्या बाबतीत आणखी एक सोपी युक्ती: हाऊसिंगमध्ये जागा असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर बाहेर किंवा आत बसवा, म्हणजे लिप जुन्या चराबाहेर पडते.

जुनं सील काढण्याआधी ते हाऊसिंगच्या कडेपासून किती आत किंवा बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा. काढायला सील पुलर असेल तर उत्तम. नसेल तर सीलच्या पत्र्याच्या तोंडावर समोरासमोर दोन बारीक भोकं पाडा, त्यांत पत्र्याचे स्क्रू अर्धे आवळा आणि पक्कडीने आळीपाळीने ओढा. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा म्हणजे चुरा त्याला चिकटतो. ड्रिल खोल जाऊ देऊ नका, मागे लगेच बुश आहे. पेचकसाने उचकटायचं असेल तर हाऊसिंगच्या भिंतीला टेकण देऊ नका. हाऊसिंग अॅल्युमिनियमचं असतं, त्यावर पडलेल्या ओरखड्यातून सीलच्या बाहेरच्या बाजूने ऑइल येतं. नवं सील घालूनही कडेने गळतंय, लिपपाशी कोरडं आहे, असं असेल तर बहुधा हेच झालेलं असतं.

बुश झिजला असेल तर तो आत्ताच बदला. काही गाड्यांत तो गाडीवरच पुलरने निघतो. पुष्कळशा गाड्यांत मागचं हाऊसिंग खोलून प्रेसवर बदलणं जास्त खात्रीचं. नवा बुश बसवताना त्यातलं छिद्र किंवा खोबण हाऊसिंगमधल्या ऑइलच्या वाटेशी जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर बुश कोरडा फिरतो आणि योकसकट जळतो. लेथवाल्याकडे हाऊसिंग घेऊन गेलात तरी हे त्याला आवर्जून सांगा.

आता सील बसवणं. हाऊसिंगचं भोक कापडाने पूर्ण स्वच्छ करा, कडेला जुन्या सीलंटचा किंवा पत्र्याचा कण राहता कामा नये. सीलची स्प्रिंग असलेली बाजू आत, ऑइलकडे जाते. स्प्रिंगच्या खोबणीत थोडं ग्रीस भरा, म्हणजे ठोकताना ती उडून जात नाही. दोन्ही लिपना आणि त्यांच्यामधल्या जागेत ग्रीसचा पातळ थर द्या. कोरडी लिप पहिल्या काही मिनिटांतच गरम होऊन जळते. नवं सील लगेच गळण्याचं हे नेहमीचं कारण आहे. सीलंटबद्दल तुम्ही विचारलंय: बाहेरून रबर असलेल्या सीलला सीलंट लागत नाही, थोडं ऑइल लावलं की पुरे. बाहेरून उघडा पत्रा असलेल्या सीलच्या कडेवर सीलंटचा अगदी पातळ थर चालतो. लिपवर किंवा स्प्रिंगवर त्याचा थेंबही जाऊ देऊ नका.

ठोकायला सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा एक-दोन मिलिमीटर लहान पाइपचा तुकडा किंवा मोठा बॉक्स पाना घ्या, तोंड सपाट असलेला. जोर फक्त बाहेरच्या कडेवर आला पाहिजे. मध्यभागी ठोकलं की पत्रा वाकतो आणि लिप तिरपी होते. हलक्या हाताने ठोकत, दर दोन ठोक्यांनी चारही बाजूंनी सारखं जातंय ना ते बघा. सील तळाला टेकलं की ठोक्याचा आवाज बदलतो, बोथट आवाज जाऊन टणक येतो. तिथे थांबा. तळ नसलेलं हाऊसिंग असेल तर आधी मोजलेल्या मापावर थांबा.

योकच्या नळीवर ऑइल लावा, तो सरळ धरून हलका फिरवत आत सरकवा. स्प्लाइनचं टोक लिपवर आदळू देऊ नका. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी तिरपं आहे. मागचे बोल्ट खुणा जुळवून लावा. लॉकनट असतील तर नवे घ्या. आवळण्याचा टॉर्क गाडीच्या पुस्तकात बघा. एम१० मापाच्या ८.८ ग्रेडच्या बोल्टला सर्वसाधारण तक्त्यात ४५ ते ५० न्यूटन मीटर असतो, पण पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तक खरं. फ्लँजचा गिअरबॉक्स असेल तर मधला मोठा नट खूपच जास्त टॉर्कचा असतो. फ्लँज धरून ठेवायला लांब पट्टी दोन भोकांना बोल्टने अडकवा, आणि नटखाली, स्प्लाइनच्या तोंडाशी थोडं सीलंट लावा, कारण काही गिअरबॉक्समध्ये ऑइल स्प्लाइनमधूनच बाहेर येतं.

ऑइल भरताना गाडी पुन्हा चारही चाकांवर सपाट हवी. मागची बाजू उचललेली असताना लेव्हल प्लगपर्यंत भरलं तर पातळी चुकते. ग्रेड पुस्तकात सांगितलाय तोच घ्या. पुष्कळशा जुन्या हातगिअरच्या गिअरबॉक्सना जीएल-४ दर्जाचं ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० लागतं. डिफरन्शिअलचं जीएल-५ चांगलं दिसतं म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका. त्यातली जास्त ताकदीची रसायनं पितळी सिंक्रोनायझर रिंगना (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत आणि गिअर अडकत पडायला लागतात. काही गिअरबॉक्सना इंजिन ऑइल किंवा ऑटोमॅटिकचं ऑइल लागतं, म्हणून पुस्तक बघणं आलंच. छिद्रातून बारीक धार येऊन थेंबांवर आली की प्लग लावा. ऑटोमॅटिक असेल तर पातळी मोजायची पद्धतच वेगळी, बहुधा इंजिन चालू आणि ऑइल गरम असताना.

गळती बंद करणारं जे बाटलीतलं मिश्रण मिळतं ते सीलचं रबर फुगवतं. लिप नुसती आकसली असेल तर काही काळ थेंब थांबतात. चर पडलेल्या योकला किंवा झिजलेल्या बुशला त्याचा उपयोग शून्य. मी ते वापरायला सांगणार नाही. बाकीची चांगली रबरंही त्याने नाहक मऊ पडतात.

पुढचं सील गेलं असेल, म्हणजे क्लचच्या घंटेतून गळत असेल, तर घरी करायचं का हा विचार दोनदा करा. त्यासाठी पूर्ण गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. एवढं वजन छातीवर झेलायचं नसतं: गिअरबॉक्सचा जॅक आणि दुसरा माणूस हवाच. इंजिनलाही खालून आधार द्यावा लागतो. सर्वांत नाजूक क्षण गिअरबॉक्स मागे ओढताना येतो. त्याचं वजन इनपुट शाफ्टवर, म्हणजे क्लच प्लेटवर लोंबलं तर प्लेट वाकते. बसवताना प्लेट मधोमध धरायला क्लच अलाइनमेंटचा दांडा लागतो, आणि सीलमधून स्प्लाइन जाताना लिप कापू नये म्हणून त्यावर पातळ टेप गुंडाळायची. ऑइल प्यायलेली क्लच प्लेट धुऊन पुन्हा वापरू नका. एवढं खोललंच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि इंजिनचं मागचं सील त्याच वेळी बदला. जागा, जॅक आणि मदत नसेल तर हे काम गॅरेजवाल्याला द्या. मागचं सील मात्र नक्की घरी होण्यासारखं आहे.

सगळं झाल्यावर खालची बाजू पुन्हा धुवून कोरडी करा, म्हणजे जुनं सांडलेलं ऑइल फसवणार नाही. पहिल्या १० किलोमीटरनंतर बघा. लिपपाशी ग्रीसची किंचित ओल दिसली तर घाबरू नका, पुसून टाका. मग १०० आणि ५०० किलोमीटरला बघा. ५०० ला लेव्हल प्लगही उघडा. बाहेरून सगळं कोरडं आहे पण पातळी खाली गेलीय, असं झालं तर ऑइल दुसरीकडून जातंय, आणि तेव्हा क्लचच्या घंटेखालच्या छिद्रात बोट घालून त्याचा वास घ्या.